प्रोब पेटला, पण कशाने? बडोद्यातल्या एका एम.एस्सी. प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण असं आहे. बडोद्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने पाण्यातलं ॲल्युमिनियम ओळखणारं एक फ्लुओरेसंट, म्हणजे यूव्ही उजेडात चमकणारं, सेंद्रिय संयुग बनवलं. अशा ओळखणाऱ्या संयुगाला प्रोब म्हणतात. डिस्टिल्ड वॉटर आणि इथेनॉलच्या मिश्रणात ते सुरेख चाललं. ॲल्युमिनियमचं द्रावण टाकलं की रंगहीन क्युव्हेट (मोजणीसाठीचं छोटं पारदर्शक चौकोनी पात्र) गुलाबी व्हायची आणि यूव्ही दिव्याखाली नारिंगी-लाल पेटायची. मग तिने दांडिया बाजारातल्या घरून नळाचं पाणी बाटलीत भरून आणलं, त्यात ॲल्युमिनियम स्वतःच्या हाताने मिसळलं, प्रोब घातला, आणि क्युव्हेट ढिम्म राहिली. मात्रा वाढवली, तरी तेच. सबमिशन तोंडावर आलेलं आणि प्रबंधाच्या शीर्षकातच 'पेयजल' हा शब्द.

मी त्याच विभागात ॲनालिटिकल शिकवतो. मुलगी माझ्याकडची नव्हे. तिच्या गाईड मॅडम सिंथेसिसच्या, आणि त्यात त्यांचा हात उत्तम. "बफर-बिफर हे तुमचं खातं, जरा बघता का?" असं म्हणून त्यांनी तिला वहीसकट माझ्याकडे पाठवलं. अशा प्रोबवर काम करणारी मुलं दर वर्षी असतात आणि सगळ्यांच्या प्रबंधातली पहिली तीन प्रकरणं जवळपास सारखीच असतात, म्हणून पुढे काय झालं ते जरा तपशिलात लिहून ठेवतो.

ॲल्युमिनियम निवडायला कारण होतं. बडोद्याचं पाणी आजव्याच्या सरोवरातून आणि महीच्या पात्रातल्या विहिरींमधून येतं. आजवा तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या वेळचा. तलावाचं किंवा नदीचं पाणी निवळायला जगभर तुरटी नाहीतर पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड वापरतात, आणि त्यातलं थोडं ॲल्युमिनियम पाण्यात मागे राहू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ०.२ पर्यंत चालवून घेतात. ०.०३ मिलिग्रॅम म्हणजे साधारण १.१ मायक्रोमोलर, अर्थात लिटरला १.१ दशलक्षांश मोल. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

शिवाय धातू उजेडावरून ओळखायच्या शास्त्राची सुरुवातच ॲल्युमिनियमपासून झाली. १८६७ मध्ये गोपेल्सरोडरने तुतीच्या कुळातल्या लाकडातून मिळणारं मोरिन वापरून ॲल्युमिनियमची हिरवी चमक दाखवली. मुलीच्या प्रस्तावनेत हे होतं. नसतं तर मीच घालायला सांगितलं असतं.

संयुग कसं बनवलं

मूळ माल रोडामाइन बी. हा १८८७ चा रंग. आपल्याकडे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा सुरू झाली १८९० मध्ये आणि तिथे त्रिभुवनदास गज्जर रंगाचं रसायनशास्त्र शिकवत, तेव्हा हे रंग बाजारात नवे होते. आज रोडामाइन बी सामान्य माणसाला ठाऊक आहे तो कापूसमिठाईमुळे, म्हणजे कॉटन कँडीमुळे. २०२४ मध्ये पुद्दुचेरी आणि तामिळनाडूने कापूसमिठाईवर बंदी आणली ती तिच्यात हा रंग सापडल्यामुळे. खाण्यात तो वर्ज्यच, पण प्रयोगशाळेत त्याच्यासारखा गुणी रंग सापडणं कठीण.

पहिली पायरी हायड्राझाइड बनवण्याची. १.२ ग्रॅम रोडामाइन बी ३० मिली इथेनॉलमध्ये विरघळवायचा, त्यात ३ मिली हायड्राझिन हायड्रेट थेंबाथेंबाने सोडायचं आणि दोन तास रिफ्लक्स लावायचा, म्हणजे वाफ थंड होऊन परत फ्लास्कात पडेल असं उकळत ठेवायचं. हायड्राझिन विषारी, तेव्हा काम हूडमध्येच. फ्लास्ककडे बघत बसावं असा हा रिफ्लक्स आहे. सुरुवातीला शाईसारखं गर्द जांभळं असलेलं द्रावण हळूहळू फिकं होत जातं आणि शेवटी पातळ नारिंगी, पारदर्शक उरतं. थंड झाल्यावर इथेनॉल रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) काढायचं, १ मोलर हायड्रोक्लोरिक घालायचं, की पुन्हा लालभडक. मग ढवळत ढवळत सोडियम हायड्रॉक्साइड, पीएच ९ ते १० होईपर्यंत, की फिकट साका खाली बसतो. गाळून, पाण्याने धुऊन वाळवायचा.

ॲसिड घातलं की लाल आणि अल्कली घातली की फिकं. हा खेळ तिने बनवतानाच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. वहीत तशी नोंदही होती. या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या एका ओळीत होती, पण ती 'सिंथेसिस' या प्रकरणात अडकून पडली होती आणि 'सेन्सिंग' या प्रकरणापर्यंत पोचलीच नव्हती.

दुसरी पायरी सोपी. हायड्राझाइड आणि ऑर्थो-व्हॅनिलिन समप्रमाणात घेऊन इथेनॉलमध्ये रिफ्लक्स. अमाइन आणि आल्डिहाइड जोडून होणाऱ्या या जातीला १८६४ पासून शिफ बेस म्हणतात. थंड झाल्यावर पदार्थ आपणहून बाहेर पडतो. रेणुभार ५९०.७, मास स्पेक्ट्रममध्ये ५९१.३ ला पीक, आणि कार्बन एनएमआरमध्ये ६६ पीपीएमच्या आसपास तो एकटा कार्बन, जो पाच अणूंचं बंद वलय शाबूत असल्याची साक्ष देतो. टीएलसीवर (पदार्थ वेगवेगळे करून ठिपके दाखवणाऱ्या पातळ थरावर) गुलाबी ठिपका नाही, म्हणजे मूळ रोडामाइन उरलेला नाही. हे तिने नीट पाहिलं होतं. अनेक जण पाहत नाहीत आणि मग ब्लँकच, म्हणजे धातू न घातलेला नमुनाच, पेटलेला असतो.

सिंथेसिसबद्दल मला काहीच खोट काढता आली नाही.

पेटतं म्हणजे काय होतं

वलय बंद असताना रोडामाइनच्या तीन कड्यांमधली इलेक्ट्रॉनची सलग साखळी मधल्या कार्बनपाशी तुटलेली असते. रंग नाही, उजेडही नाही. वलय उघडलं की साखळी जुळते, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास शोषण दिसू लागतं आणि ५८० च्या आसपास उजेड. कल्पना अशी की धातूचा आयन त्या वलयाचा ऑक्सिजन, शेजारचा नायट्रोजन आणि व्हॅनिलिनचा फिनॉल यांच्या बेचक्यात येऊन बसतो, ऑक्सिजनला स्वतःकडे ओढतो आणि वलय उघडतं. १९९७ मध्ये झार्निक आणि सहकाऱ्यांनी याच रोडामाइन बी हायड्राझाइडवर तांब्याचा शोध दाखवला, तेव्हापासून या कुटुंबातले प्रोब पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे निघाले आहेत.

अडचण एवढीच की वलयाची ही कडी फक्त धातूच काढतो असं नाही. प्रोटॉनही, म्हणजे ॲसिडमधला हायड्रोजन आयनही, काढतो. त्याला बेचकं लागत नाही, निवड लागत नाही, काही लागत नाही.

तिचा आलेख

प्रोब १० मायक्रोमोलर, धातू त्याच्या वीसपट, म्हणजे २०० मायक्रोमोलर, माध्यम इथेनॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे. बफर, म्हणजे पीएच स्थिर धरणारं द्रावण, नाही. धातूंचे क्षार बहुतेक नायट्रेट किंवा क्लोराइड. स्तंभालेखात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, निकेल, शिसं, कॅडमियम सगळे जमिनीला टेकलेले. तांब्याला रंग गुलाबी, पण उजेड नगण्य. आणि तीन स्तंभ उंच. सगळ्यात उंच लोखंड, मग क्रोमियम, मग ॲल्युमिनियम.

मॅडमचा बेत होता की प्रोबला 'त्रिसंयुजी आयनांसाठी निवडक' म्हणावं आणि लोखंड-क्रोमियमला 'मास्किंग'ने, म्हणजे दुसऱ्या रसायनाने झाकून, बाजूला करून ॲल्युमिनियमवर यावं. असे शोधनिबंध खरोखर भरपूर आहेत. पण मला त्या तीन स्तंभांच्या क्रमाने ठेच लागली. धातूचा आयन पाण्यात गेला की भोवतीच्या पाण्याच्या रेणूमधला एक प्रोटॉन सोडून देतो. किती सहज सोडतो याचा मापदंड म्हणजे त्याचा पीकेए, आकडा जितका लहान तितकं सोडणं सोपं. लोखंड(३+) २.२, क्रोमियम(३+) ४, ॲल्युमिनियम ५, तांबं साडेसात-आठच्या घरात, जस्त ९, कॅल्शियम जवळपास १३. तिचा स्तंभालेख आणि हा तक्ता शेजारी ठेवला तर एकावरून दुसरा काढता येईल इतके जुळत होते. अपवाद फक्त तांब्याच्या गुलाबी रंगाचा. तो अपवाद मी तेव्हा पेन्सिलने गोल करून ठेवला.

मग तिला विचारलं, "क्रोमियम टाकल्यावर पेटायला किती वेळ लागतो?"

"लगेच, सर. टाकल्या टाकल्या. व्हिडिओपण काढलाय."

तिने मोबाइलवर दाखवला. खरंच, पिपेटचं टोक पाण्याला लागतं न लागतं तोच क्युव्हेट नारिंगी. मला त्या व्हिडिओने जवळपास खात्री पटली. क्रोमियम(३+) हा आळसासाठी प्रसिद्ध आयन. भोवतीचं पाणी सोडून दुसऱ्याला जवळ करायला त्याला खोलीच्या तापमानाला दिवसच्या दिवस लागतात. पाण्याचा एक रेणू बदलायचा अर्धायुकाल तीन दिवसांच्या आसपास आहे. नवा लिगँड (धातूला बिलगणारा रेणू) आणायचा तर द्रावण तास-तास उकळावं लागतं, हे इनऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनीच केलेलं आहे. असा आयन क्षणार्धात प्रोबच्या बेचक्यात जाऊन बसेल कसा? आणि बसलाच, तर लोखंड काय क्रोमियम काय, दोघेही पॅरामॅग्नेटिक (जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन असलेले), जवळचा उजेड बहुधा विझवणारे. त्यांनीच सगळ्यात जास्त पेटवावं हे उफराटं होतं.

प्रोटॉनला मात्र वेळ लागत नाही.

तपासणी

पीएच मीटर विभागात होता, फडक्याखाली. इलेक्ट्रोड कोरडा ठणठणीत. सिंथेसिसच्या लॅबमध्ये तो कोण वापरतो? लॅबमधल्या काकांनी तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये रात्रभर भिजत घातला, दुसऱ्या दिवशी ४ आणि ७ च्या बफरवर लावून दिला.

आधी नुसती स्टॉक द्रावणं. १० मिलीमोलर लोखंडाचा पीएच दोनच्या जरा वर, क्रोमियम तीनच्या जवळ, ॲल्युमिनियम साडेतीन. पुस्तकातल्या पीकेएवरून कागदावर काढलं तरी हेच येतं, त्यामुळे आश्चर्य नव्हतं. क्युव्हेटमध्ये ती पातळ होऊन लोखंडाची साडेतीनच्या आसपास, ॲल्युमिनियमची साडेचारच्या आसपास उतरतात. निम्मं इथेनॉल असताना मीटरचा आकडा शब्दशः घ्यायचा नसतो, पण क्रम समजायला पुरतो. जस्त आणि कॅल्शियमच्या क्युव्हेट मात्र नुसत्या पाण्याएवढ्याच होत्या.

पुढची चाचणी मी तिलाच करायला लावली, कारण आपल्या हाताने केल्याशिवाय पटत नाही. यूव्हीच्या पेटीत ३६५ चा दिवा, चार व्हायल, चारींत तोच प्रोब. एकीत ॲल्युमिनियम. एकीत काही नाही. उरलेल्या दोनांत पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड, फक्त ॲसिड, एकीचा पीएच ॲल्युमिनियमच्या व्हायलइतका आणि दुसरीचा लोखंडाच्या व्हायलइतका आणलेला. तिने पेटीचं झाकण लावलं, डोळा भोकाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. ॲल्युमिनियमची व्हायल आणि पहिली ॲसिडची व्हायल यांत कोणती कोणती हे नुसत्या नजरेने सांगता येत नव्हतं. दुसरी ॲसिडची व्हायल दोघींपेक्षा उजळ. फ्लुओरिमीटरवर पीकची जागा तीच, आकारही तोच.

"मग सर, माझं सगळं...?"

"सगळं नाही. संयुग तेच आहे. पेटवणारा दुसरा निघाला."

आता नळाच्या पाण्याचं कोडं आपोआप सुटलं. नळाच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. मानकात अल्कलिनिटीची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने, म्हणजे ४ मिलीइक्विव्हॅलंट, लिटरला ४ मिलीमोल प्रोटॉन गिळण्याइतकी. त्याच्या निम्मी धरा, इथेनॉलमुळे पुन्हा निम्मी करा, तरी १ उरते. २०० मायक्रोमोलर ॲल्युमिनियमने आपले तिन्ही प्रोटॉन सोडले तरी ते ०.६ होतात. बायकार्बोनेट ते गिळून वर ढेकर देतं. विद्यार्थिनीला वाटत होतं प्रोब नासला, म्हणून ती नवी बॅच बनवायला निघाली होती. मॅडमना वाटत होतं पाण्यातलं क्लोरीन प्रोब खातंय. साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं.

प्रबंधातले आणखी तीन पुरावे या उजेडात पुन्हा बघावे लागले.

ईडीटीएचा (धातूला घट्ट पकडणाऱ्या रसायनाचा) पुरावा सगळ्यात ठाम वाटणारा. ॲल्युमिनियम टाकून पेटवलं, ईडीटीए टाकून विझवलं, म्हणजे धातू बांधला जातोय आणि काढूनही घेता येतोय. पण डायसोडियम ईडीटीए पाण्यात लवकर विरघळत नाही. सगळे करतात तसं तिनेही त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच ८ वर नेऊन विरघळवलं होतं. मी तिला ईडीटीएशिवाय, क्युव्हेट तेवढ्याच पीएचला येईल इतकं नुसतं पातळ हायड्रॉक्साइड टाकायला सांगितलं. विझलं. हायड्रोक्लोरिकने पेटवलेली व्हायलही त्याच ईडीटीएने विझली, जिच्यात काढून घ्यायला धातूच नव्हता.

जॉब प्लॉट. १९२८ पासूनची पद्धत, धातू आणि प्रोबची बेरीज कायम ठेवून प्रमाण बदलत न्यायचं. तिचा उंचवटा बरोबर मध्यावर होता, म्हणून १:१ संकुल, म्हणजे एका प्रोबला एक धातू जोडलेला. पण एक वस्तू ॲसिड देते आणि दुसरी त्या ॲसिडने पेटते, अशा कुठल्याही जोडीत दोन्ही टोकांना शून्य आणि मध्ये कुठेतरी उंचवटा येणारच. बफर नसताना त्या उंचवट्यावरून संकुलाचं प्रमाण काढणं व्यर्थ. संकुलाचं मासमधलं पीक तिच्याकडे नव्हतं, ते शोधूनही सापडलं नव्हतं, आणि ही गोष्ट प्रबंधात एका अर्ध्या वाक्यात उरकलेली होती. परीक्षक अशा अर्ध्या वाक्यांवरच बोट ठेवतात.

तिसरी, शोधमर्यादा, म्हणजे ओळखता येणारी कमीत कमी मात्रा. ब्लँकच्या विचलनाची तिप्पट भागिले रेषेचा उतार, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. त्यातून तिची मर्यादा १.१ मायक्रोमोलरच्या बरीच खाली आली होती, त्यामुळे मानकाची अट पूर्ण झाल्याचं लिहिलं होतं. रेषा मात्र २० ते २०० मायक्रोमोलरच्या बिंदूंतून काढलेली. २० च्या खाली तिने काही मोजलेलंच नव्हतं. आता विचार करा, १.१ मायक्रोमोलर ॲल्युमिनियम जास्तीत जास्त ३.३ मायक्रोमोलर प्रोटॉन देऊ शकतं, म्हणजे पीएच ५.५. उघड्या हवेत ठेवलेलं डिस्टिल्ड पाणी कार्बन डायऑक्साइड शोषून आपणहूनच ५.६ वर असतं. ज्या पातळीवर प्रोबने काम करायला हवं, तिथे त्याला ॲल्युमिनियम आणि खोलीतली हवा यांतला फरक कळणार नाही. मला विचाराल तर साऱ्या प्रकरणात हा हिशेब सगळ्यात बोलका आहे, आणि तो करायला पेन्सिलही पुरते.

मॅडमचा आक्षेप

१० मिलीमोलर हेपीस बफर, पीएच ७.२, त्यात निम्मं इथेनॉल. सगळे आयन पुन्हा. लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियम तिघेही काळोखात.

हा निकाल घेऊन आम्ही मॅडमकडे गेलो तेव्हा त्यांनी एक आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. "अहो, ७.२ ला ॲल्युमिनियम आयन म्हणून उरतोच कुठे? हायड्रॉक्साइड होऊन बसतं. तुम्ही त्याला मैदानातच येऊ दिलं नाहीत आणि म्हणता हरला." लोखंडाचं तर त्याहून वाईट. फॉस्फेट बफर घेतला असता तर दोघांचे फॉस्फेट साक्याला गेले असते, तो आम्ही टाळला होता, पण हायड्रॉक्साइड कसं टाळणार?

म्हणून ॲसिटेट बफरमध्ये पीएच ५ ला सगळं पुन्हा केलं. इथे ॲल्युमिनियम द्रावणात राहतं. प्रोबचा ब्लँक थोडासा जागा असतो, पण तो प्रत्येक क्युव्हेटमध्ये सारखाच असतो, त्यामुळे तुलना न्याय्य. क्रोमियमने काहीच केलं नाही. लोखंडानेही नाही. ॲल्युमिनियमने ब्लँकपेक्षा किंचित जास्त उजेड दिला, पुन्हा पुन्हा मोजलं तरी किंचित जास्तच. म्हणजे ॲल्युमिनियम थोडंफार बांधलं जात असावं. ॲसिटेट स्वतःही ॲल्युमिनियमला धरतं, त्यामुळे खरी ओढ याहून थोडी अधिक असू शकेल. मॅडमचा मुद्दा पूर्ण खोटा ठरला नाही, माझाही पूर्ण खरा नाही. पण मूळ आलेखातला तो उत्तुंग स्तंभ नव्वद हिश्शांनी ॲसिडचा होता की पंचाण्णव, एवढाच वाद उरला.

"लोक एवढे पेपर बफरशिवाय छापतात ते?" मॅडम म्हणाल्या. छापतात खरे. त्यातले काही बरोबरही असतील, कारण सगळ्याच रोडामाइनचं वलय सारख्या पीएचला उघडत नाही. शेजारी कोणता गट लावलाय त्यावर ते एक-दोन एककांनी सरकतं. ज्याने पीएचचा आलेख दिलाय त्याच्यावर विश्वास ठेवावा. ज्याने दिलेला नाही, त्याच्या क्षारांची यादी बघावी. एक खास सापळा सांगून ठेवतो, कारण तो यानंतर दुसऱ्या एका मुलाच्या वहीत दिसला. ॲटॉमिक ॲबसॉर्प्शनसाठी येणारी १००० पीपीएमची तयार स्टँडर्ड द्रावणं नायट्रिक ॲसिडमध्ये असतात. ती प्रोबमध्ये टाकली तर शिसं काय आणि जस्त काय, सगळंच पेटतं.

तांबं

पेन्सिलने गोल केलेला अपवाद आता कामी आला. हेपीसमध्ये ७.२ ला तिन्ही उंच स्तंभ कोसळले, पण तांब्याची क्युव्हेट तशीच गुलाबी, ५५५ ला ठसठशीत शोषण. उजेड जवळपास नाही, कारण तांबं(२+) पॅरामॅग्नेटिक, बेचक्यात बसून उजेड खातं. जे क्रोमियम-लोखंडाने करायला हवं होतं ते तांबं करत होतं, म्हणजे ते खरोखर आत बसलं होतं. त्याच बफरमध्ये बनवलेल्या ईडीटीएने रंग गेला, पीएच न बदलता. ट्रिस बफर मुद्दाम वापरला नाही, ट्रिस स्वतःच तांब्याला धरतं.

झार्निकच्या हायड्राझाइडमध्ये तांबं वलय उघडून बंधही तोडतं, मोकळा रोडामाइन सुटतो आणि उजेड पडतो. तिथे परत फिरणं नाही. इथे शिफ बेसचं बेचकं तांब्याला धरून ठेवतं, म्हणून रंग आहे, उजेड नाही आणि परतीची वाट आहे. २००६ पासून या जातीच्या हायड्राझोनबद्दल तांब्याच्या संदर्भात लिहिलं गेलंय, तेव्हा आमचा हा काही नवा शोध नव्हे. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला नवा शोध लागतही नाही.

सबमिशनला वेळ थोडा होता. तीन वाटा होत्या. एक, मूळ आलेख तसाच ठेवून माध्यम 'इथेनॉल-पाणी' असं स्पष्ट लिहायचं आणि नळाच्या पाण्याचा विषय गाळायचा. खोटं काही नाही, पण मुलीलाच ते नको झालं. दोन, प्रोबला सरळ पीएचचा प्रोब म्हणून मांडायचं. मला ही वाट आवडली होती, कारण पीएच साडेतीन ते पाचच्या मधला उजेडाचा चढ फार देखणा येत होता. मॅडमना मात्र "मेटल आयन" हा शब्द शीर्षकातून जाणं मान्य नव्हतं. तीन, तांबं. रंगावरून ओळख, फ्लुओरेसन्सचा दावा नाही, ॲल्युमिनियमचं सगळं काम स्वतंत्र प्रकरणात, ॲसिडच्या व्हायलसकट. तिसरी वाट ठरली.

दावाही बेतानेच केला. तांब्याची स्वीकार्य मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.८ मायक्रोमोलर. इथेनॉलने पातळ होऊन ०.४. वलय शंभर टक्के उघडलं आणि रोडामाइनचा मोलर शोषणांक एक लाख धरला तरी एका सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये शोषण ०.०४ येतं. यंत्र ते वाचतं, पण शहाण्याने त्यावर सही करू नये. सवलतीची मर्यादा १.५ मिलिग्रॅम, साधारण २४ मायक्रोमोलर. तिथे प्रोब थोडा जास्त घेतला की गुलाबी रंग नुसत्या डोळ्यांना दिसतो. 'पेयजल' शीर्षकातून गेलं. नळाच्या पाण्यात तांबं मिसळून केलेल्या मोजण्या ॲटॉमिक ॲबसॉर्प्शनशी ताडून बघितल्या आणि जुळल्या, आणि या वेळी क्युव्हेट गुलाबी झाल्यावर तिने कोणाला हाक मारण्याआधी तिच्यात इलेक्ट्रोड बुडवून पाहिला.

व्हायव्हात परीक्षकांनी तांब्याबद्दल फारसं विचारलंच नाही. ते त्या ॲल्युमिनियमच्या प्रकरणावरच बसले, ॲसिटेटमधला तो किंचित जास्त उजेड खरा की नाही यावर. तिने पीएच आणि बफरची ताकद तोंडपाठ सांगितली आणि "हेक्झामिन बफरमध्ये बघायला हवं, ॲसिटेट ॲल्युमिनियमला धरतं" असंही म्हणाली.

सध्या काम आहे ते गाळणकागदाच्या पट्ट्यांचं. मकरपुऱ्याकडच्या एका प्लेटिंगवाल्या ओळखीच्याला धुण्याच्या पाण्यात तांबं किती जातंय याचा अंदाज जागच्या जागी हवाय. प्रोबमध्ये बुडवून वाळवलेली पट्टी त्याच्या पाण्यात टाकली की झटकन गुलाबी होते. तांब्याचा बाथ सल्फ्युरिक ॲसिडचा, तेव्हा ती व्हायचीच. निकेलच्या टाकीच्या धुण्यातही गुलाबी झाली, तिथे तर तांबं नव्हतंच. पट्टी आधी हेपीसमध्ये भिजवून वाळवली तर पातळ धुणं सोसते, पहिल्या टाकीचं आंबट पाणी सोसत नाही. तेवढ्यासाठी पट्टीवर बफर किती चढवावा, आणि जास्त चढवला तर कागदावर क्षाराची पापुद्री धरून रंग डागाडागांचा येतो त्याचं काय करावं, हे या वर्षीच्या मुलाकडे दिलंय. त्याला पहिल्याच दिवशी इलेक्ट्रोड भिजत घालायला सांगितलाय.